मख्ख चेहऱ्याचे जपानी गेम्स

प्रश्न न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "माझी मुलगी पंधरा वर्षांची, जन्मापासून इथेच वाढलेली. घरात नवेकोरे, खऱ्याखुऱ्यासारखे दिसणारे गेम्स पडून असतात आणि ही नि हिच्या अमेरिकन मैत्रिणी एक चिकट गोळा ढकलत बसतात. त्याला टाचण्या चिकटतात, मांजरं चिकटतात, शेवटी इमारती चिकटतात. जपानी आहे म्हणे. जपानी लोक असलं काहीतरी विचित्र करतात हे ऐकून होतो, पण या पोरांना त्यात एवढं काय सापडतं? नुसता विचित्रपणाच आवडतो का?"

मी जपानी गेम्सच्या इंग्रजी भाषांतरावर काम करते. आधी टेस्टर होते, मग मजकूर तपासायला लागले, आता संपादन करते. मिळून सोळा वर्षं झाली. जपानी पुण्यात शिकले आणि धंदा टोकियोत. त्यामुळे उत्तर भाषांतराच्या खिडकीतूनच देणार, ते चालवून घ्या.

विचित्रपणाने माणूस दुकानात शिरतो, एवढंच. पाच मिनिटांनी त्याचं नवल संपतं. पंधरा वर्षांची मुलगी रोज रात्री तोच गोळा ढकलत असेल, तर तिला धरून ठेवणारं काहीतरी वेगळं आहे.

ती खेळते तो गेम म्हणजे 'कातामारी दामाशी', बहुधा त्याची २०१८ साली डागडुजी करून आलेली आवृत्ती. मूळ गेम नाम्कोने मार्च २००४मध्ये जपानात प्लेस्टेशन २वर आणला आणि सप्टेंबरात अमेरिकेत. युरोपात तेव्हा आणलाच नाही. अमेरिकेत किंमत ठेवली वीस डॉलर, म्हणजे नव्या गेमच्या नेहमीच्या किमतीच्या निम्म्याहून कमी. कंपनीला स्वतःलाच किती भरवसा होता ते यावरून कळतं. बनवणारे केईता ताकाहाशी शिल्पकला शिकलेले. गोष्ट अशी की विश्वाचा सम्राट दारूच्या नशेत आकाशातले तारे फोडून ठेवतो आणि निस्तरायला पोराला पृथ्वीवर धाडतो. राजपुत्राची उंची पाच सेंटिमीटर. पोराने गोळा करायचा, बापाने त्याचा तारा करायचा, आणि गोळा लहान पडला तर वर टोमणेही बापानेच मारायचे.

ही झाली वेडेपणाची बाजू. आता खालचं यंत्र बघा. पहिल्या पायरीला पाच सेंटिमीटरचा गोळा हातात देतात, तीन मिनिटं देतात आणि सांगतात, दहा सेंटिमीटरचा करून दाखव. नियम एकच: गोळ्याहून लहान असेल ते चिकटतं, मोठं असेल ते धडकतं. चालवायला दोन दांडे, प्रत्येक अंगठ्याखाली एक. दोन्ही पुढे ढकलले की गोळा पुढे जातो, एक पुढे नि एक मागे केला की वळतो. हातगाडी ढकलणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सुरुवातीला तुम्ही फासे, खोडरबर, काड्यापेट्या गोळा करत चटईवरून फिरता. मांजर आडवं येतं, तुम्हाला उडवून लावतं, गोळ्याची दोन-चार ढलपी गळतात. पुढे गोळा फुगला की तेच मांजर म्यांव करत चिकटतं. त्या क्षणी पोटात जे होतं ना, त्यासाठी लोक परत येतात. जग तेच आहे, तुम्ही मोठे झालात. खेळाडूचं आकडे-पातळ्यांनी 'बळ वाढवणारे' शेकडो गेम्स आहेत. इथे ते बळ डोळ्यांना दिसतं आणि सेंटिमीटरमध्ये मोजतात.

त्याच दोन-अडीच महिन्यांत अमेरिकेत 'हेलो २', 'हाफ-लाइफ २' आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' आले होते. तिन्ही थोर गेम्स आहेत आणि तिन्हींत बंदूक आहे. त्या बाजारात एखाद्याने वीस डॉलर टाकून गोळा घरी नेला, तर त्याला तो दुसऱ्या ग्रहावरून आल्यासारखा वाटला नसता तरच नवल. पण लगेच पुढच्या वर्षी गेम बनवणाऱ्यांच्याच पुरस्कारांत याला उत्तम रचनेचा मान मिळाला, आणि २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने, मोमाने, पहिले चौदा गेम्स संग्रहात घेतले त्यांत हा होता. कारागीर कारागिराची गाठ ओळखतो.

इथे भाषेची एक गंमत सांगते. 'कातामारी' म्हणजे गोळा आणि 'दामाशी' म्हणजे आत्मा, जिद्द. जपानीत दोन्ही शब्द एकेका चिनी अक्षराने लिहितात आणि ती अक्षरं जुळ्या भावांसारखी दिसतात. उजवीकडे दोघांतही भुताखेतांचं चिन्ह. डावीकडे माती असली तर गोळा, ढग असला तर आत्मा. म्हणजे नाव वाचायच्या आधीच डोळ्याला विनोद दिसतो. इंग्रजी पेटीवर यातलं काहीच उतरलं नाही, उतरणारही नव्हतं. लोकांनी तरी डोक्यावर घेतला.

दुसरी गंमत. गोळा गडगडत जातो त्याला जपानीत 'गोरोगोरो' म्हणतात. ढग वाजतात तेही गोरोगोरो. पोटात वाजतं तेही. आमच्या टोकियोच्या कचेरीत अमेरिकन सहकारी याला नेहमी अडायचे, कारण इंग्रजीत ढगासाठी आणि घरंगळण्यासाठी एक शब्द सापडला तरी तो जोडीने उच्चारला की बाळबोध वाटतो. मला अडचण पडायची नाही. दगड गडगडतो, ढग गडगडतात, पोट गडगडतं. मराठीत सगळं जागच्या जागी बसलेलं. दोकीदोकी म्हणजे धडधड, किराकिरा म्हणजे चमचम, नुरुनुरू म्हणजे बुळबुळ. मला पुष्कळदा वाटतं की बरेच जपानी गेम्स कथेपासून नव्हे, अशा एखाद्या नादापासून सुरू होतात. काय गडगडेल? काय बुळबुळेल? काय टुण्णकन उडेल? शब्द भाषांतरात गळून पडतो, पण अंगठ्याला लागलेला गडगडाट न्यू जर्सीतही तसाच लागतो. २००३चा 'वारिओवेअर' आठवा. दोनशेवर खेळ, एकेक काही सेकंदांचा, पडद्यावर फक्त एक आज्ञा: चुकव! पकड! उडी मार! एका खेळात नाकपुडी दिसते, बोट दिसतं आणि ते बोट नेमक्या वेळी नाकात घालायचं असतं. याला संस्कृतीची ओळख लागत नाही. नाक सगळ्यांनाच असतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. माझ्या मते या गेम्सचं खरं बळ त्यांच्या मख्खपणात आहे. चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

'याकुझा ०'मधला प्रसंग घ्या. सेगाचा गेम, जपानात २०१५, पश्चिमेत २०१७. नायक किर्यू हा टोकियोतला गुंड, बोलणं तोलून-मापून, भुवया कायम जुळलेल्या. तो बोलिंग खेळायला जातो. सलग तीनदा सगळ्या बाटल्या पाडल्या तर त्याला बोलिंगच्या भाषेत 'टर्की' म्हणतात. पाडल्यावर काउंटरवरची बाई बक्षीस म्हणून जिवंत कोंबडी हातात देते. पुढे ती कोंबडी, नाव नगेट, किर्यूच्या जमीनजुमल्याच्या धंद्यात मॅनेजर म्हणून रुजू होते. बाकी माणसांच्या यादीत तिचंही नाव, तिच्याकडेही कामं. आणि संपूर्ण गेममध्ये एकही पात्र तुमच्याकडे बघून डोळा मिचकावत नाही. कोणी म्हणत नाही, 'बघा, आम्ही किती वेडे!' तोच किर्यू अर्ध्या तासाने पावसात उभा राहून इमानाबद्दल बोलतो आणि तुमच्या घशात आवंढा येतो.

जपानात 'मांझाई' नावाचा दोघांचा हजरजबाबी प्रकार आहे. एक जण असंबद्ध बडबडतो, त्याला 'बोके' म्हणतात. दुसरा त्याला टपली मारून ताळ्यावर आणतो, तो 'त्सुक्कोमी'. आपल्या बतावणीत सोंगाड्या आणि त्याला हटकणारा असतात तसंच साधारण. या गेम्समध्ये बोकेचं काम गेम करतो आणि टपली मारायची जागा रिकामी ठेवतो. ती टपली खेळाडू मारतो. सोफ्यावर बसून 'अरे, काय चाललंय काय!' असं जो ओरडतो, तो त्या विनोदाचा अर्धा भागीदार झालेला असतो. अमेरिकन विनोदी गेम्समध्ये बहुतेकदा नायकच येता-जाता शेरे मारत असतो. खेळाडूला काम उरत नाही. बाहेरच्या खेळाडूंना जपानी गेम्समध्ये जो मोकळेपणा वाटतो, तो माझ्या मते या रिकाम्या जागेचा आहे.

भाषांतर बिघडतं तेही नेमकं इथेच. एका लहान गेमवर काम करत होते. नाव करारामुळे सांगता येत नाही. त्यात एक म्हातारे गृहस्थ शेजारणीला सांगतात की काल रात्रीपासून माझी सावली माझ्याशी बोलत नाही. शेजारीण जपानीत म्हणते, "सो देस का." म्हणजे "असं का." संपलं. इंग्रजी मसुद्यात आमच्या लेखकाने तिच्या तोंडी दोन ओळींचा खुसखुशीत टोमणा घातला होता. वाक्य चांगलंच होतं. पण शेजारीण अचानक अमेरिकन मालिकेतली झाली आणि खेळाडूच्या तोंडचा घास तिने काढून घेतला. मी खोडून "आय सी" लिहिलं. त्यावर तीन दिवस पत्रापत्री झाली. शेवटी दोन्ही रूपं बसवून टेस्टिंगच्या खोलीत खेळवली. टोमण्याला लोक हसले, हे खरं. "आय सी" वाचून त्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग हसले. तेच ठेवलं. आमच्या कामात मजकूर लिहिण्यापेक्षा न लिहिण्यासाठी जास्त भांडावं लागतं.

याच याकुझा मालिकेचा आणखी एक किस्सा या बाजूने बोलका आहे. पहिला भाग २००६ साली पश्चिमेत आणताना इंग्रजी आवाज चढवले, त्यात मार्क हॅमिलसारखा नट होता. बाजारात फारसा चालला नाही. तिसरा भाग २०१०मध्ये आणताना पाश्चात्त्यांना कळणार नाही म्हणून होस्टेस क्लब, माजोंग (सोंगट्यांचा खेळ), शोगी (जपानी बुद्धिबळ) असे भाग कापून टाकले. चाहते संतापले. त्यांना तेच हवं होतं. 'याकुझा ०' पश्चिमेत गाजला तो जपानी आवाजात, खाली इंग्रजी ओळी, काहीही न कापता.

म्हणजे पन्नास टक्के विचित्रपणा हा विचित्रपणा नसतोच; तो दुसऱ्याच्या घरातला रोजचा दिवस असतो. २००५ साली निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या यंत्रावर 'ओसू! ताताकाए! ओएन्दान' आला. काळ्या गणवेशातले तीन दणकट तरुण कोणाही अडलेल्यासमोर प्रकट होतात आणि तालात ओरडून त्याला धीर देतात: परीक्षेच्या अभ्यासात अडलेला मुलगा, गिऱ्हाईक नसलेला रामेनवाला (रामेन म्हणजे रस्स्यातल्या शेवया). अमेरिकन खेळाडूंना हे अचाट वाटलं. पण ओएन्दान ही जपानी शाळा-कॉलेजांतली खरोखरची संस्था आहे. सामन्यांना अशीच पोरं गळा फाटेस्तोवर ओरडतात. डीएसला देशांचं कुलूप नव्हतं, म्हणजे एका देशातला गेम दुसऱ्या देशातल्या यंत्रावरही चालायचा, म्हणून लोकांनी जपानी न कळताच तो मागवून खेळला. त्यावरून कंपनीने २००६मध्ये पश्चिमेसाठी वेगळा अवतार काढला, 'एलिट बीट एजंट्स', काळ्या सुटातले नाचणारे हेर. गेम झकास आहे. पण हेर मुळात नाचत नाहीत, त्यामुळे तिथे खरोखरच विचित्रपणा करावा लागला.

आणि 'ग्याकुतेन साइबान', म्हणजे तुमच्याकडचा 'फिनिक्स राइट', वकील होऊन खटले लढवायचा गेम. जपानात २००१, इंग्रजीत २००५. मूळ वकिलाचं आडनाव नारुहोदो, म्हणजे "अस्सं होय!" सगळं उशिरा समजणाऱ्या वकिलाला याहून चांगलं नाव कुठलं? त्याच्या गोंधळ्या मित्राचं आडनाव याहारी, म्हणजे "तरी म्हटलं!" कुठेही भानगड झाली की मागे हाच निघणार. इंग्रजीत नावं सगळी बदलली, गाव लॉस एंजलीस केलं, मदतनीस मुलीचं रामेनचं वेड बर्गरवर नेलं. पुढच्या भागांत गावाकडची देवळं आणि कागदी दारं यायला लागली तेव्हा या बर्गरने भाषांतरकारांना चांगलंच छळलं. पण मला सांगायचंय ते वेगळंच. या गेममध्ये ज्युरी नाही, आरोपी जवळजवळ दोषी धरूनच खटला सुरू होतो, सरकारी वकील हरतच नाहीत. पाश्चात्त्य खेळाडू म्हणाले, काय भन्नाट कल्पनाशक्ती! जपानात फौजदारी खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर आहे आणि सामान्य नागरिकांना न्यायाधीशांशेजारी बसवायला २००९ साल उजाडावं लागलं. जपानी खेळाडू हसत होता तो ओळखीचं काही बघून.

उलटाही प्रकार झाला आहे. 'अर्थबाउंड', जपानात १९९४, अमेरिकेत १९९५. लिहिणारे शिगेसातो इतोई, जपानातले नावाजलेले जाहिरात-लेखक. गेममधला देश म्हणजे एका जपानी माणसाने लांबून पाहिलेली अमेरिका: बेसबॉलची बॅट, पिझ्झा, फोनवरच भेटणारे बाबा. अमेरिकेत 'हा गेम घाण मारतो' अशी जाहिरात केली, सोबत खरवडून हुंगायची वासाची पट्टी दिली, आणि गेम आपटला. एवढ्या हळव्या गेमला असली जाहिरात करणाऱ्यांना काय म्हणावं? पण ज्या थोड्या पोरांनी तो खेळला त्यांनी जन्मभर सोडला नाही. आपलंच गाव परक्या डोळ्यांनी बघून त्यांना ते पहिल्यांदा दिसलं असावं. त्या चाहत्यांच्या घोळक्यात टोबी फॉक्स नावाचा मुलगा होता. त्याने २०१५ साली 'अंडरटेल' काढला आणि तो जपानात तुफान चालला. कर्ज फिटलं.

एक खोडा मात्र घालते. 'जपानी गेम्स विचित्र असतात' हे मुळात चाळणीतून पडलेलं मत आहे. टोकियोतल्या साध्या गेमच्या दुकानात मी गेले की समोर दिसतात बेसबॉल, माजोंग, घोड्यांच्या शर्यती आणि कशाचा तरी अमुकावा भाग. बाहेर जातं आणि बोललं जातं ते निवडक. कातामारी जपान्यांनाही चमत्कारिकच वाटला होता. शिवाय तो काळही तसा होता. प्लेस्टेशन आल्यावर गेमच्या काडतुसांऐवजी (कार्ट्रिज) सीडी आल्या, छापायला स्वस्त. लहान तुकडीला वेडं धाडस परवडू लागलं. १९९६चा 'पाराप्पा द रॅपर' संगीतकार मासाया मात्सुउरांनी केला आणि त्यातली कागदी कुत्री-मांजरं काढली न्यूयॉर्कच्या रॉडनी ग्रीनब्लॅटनी, म्हणजे तो 'जपानी' विचित्रपणासुद्धा निम्मा अमेरिकन. पुढे चित्रं अतिस्पष्ट झाली, खर्च फुगला आणि मधल्या आकाराचे गेम्स गेले. ती माणसं हातातल्या छोट्या यंत्रांकडे, मग डाउनलोडच्या बाजारात सरकली. विडिओ लावून 'जपानला काय झालंय!' म्हणत खिदळणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पण त्यांच्या खिदळण्यामुळेच काही चांगले गेम्स समुद्र ओलांडून गेले हेही नाकारता येत नाही.

तुमच्या मुलीला पुढे काय द्यावं असं विचाराल, तर 'साकुना' द्या. २०२०चा गेम, मुख्यतः दोघांनी बनवलेला. बिघडलेली एक देवी बेटावर हाकलली जाते आणि तिला भातशेती करावी लागते. नांगरट, लावणी, पाण्याची पातळी, तण, सोनखत, कापणी, वाळवण, झोडणी, कांडण. काहीही वगळलेलं नाही. जपानी खेळाडू अडले की त्यांच्या शेतकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन माहिती वाचायचे. पाश्चात्त्य परीक्षणांत 'किती अनोखी कल्पना' हे वाक्य इतक्यांदा आलं की मी मोजणं सोडलं.

त्याच्या पुढच्या गणपतीत मी कुडाळला मामाकडे गेले होते. पडवीत बसून साकुना खेळत होते. मामी मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर ती लहानशी देवी मागे मागे सरकत तरवा लावत होती. मामीला देवी कोण, बेट कुठलं, यातलं काही विचारावंसं वाटलं नाही. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पाणी जास्ती झाला गो. मुळां कुसतली." मी पाट उघडून पाणी उतरवलं. ती मोदकांकडे गेली.